दामूअण्णांच्या खाचरातलं फिजिक्स

दामूअण्णांच्या भाताच्या खाचरात आमच्या नानांचा टेम्पो मी घातला, असं आमच्या वाडीत सांगतात आणि ते खरं आहे. मला टेम्पो चालवता येत नाही. त्या वेळी मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून फिजिक्स शिकवत होते.

आमची वाडी राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्याच्या अलीकडं. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझ्याआधी सगळ्यांत जास्त शिकलेले म्हणजे आमचे आप्पा, माझे वडील. सातवी पास. (तेही गुरुजींना आमच्याकडचा तांदूळ फार आवडायचा म्हणून, असं आई म्हणते.) भोरच्या कॉलेजातून मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा आप्पांनी वाडीभर पेढे वाटले. ज्याच्या हातावर पेढा पडला त्यानं विचारलं, "फिजिक्स म्हंजी काय?" आप्पांचं उत्तर ठरलेलं, "लई अवघड असतंय." एवढ्यावर लोकांचं समाधान व्हायचं. माझंही व्हायचं, कारण सगळी पदवी करून मलासुद्धा याहून नेमकी व्याख्या सापडली नव्हती.

पुढं मी नसरापूरला शिकवण्या घ्यायला लागले आणि वाडीनं मला 'मॅडम' करून टाकलं. सख्खी आई चारचौघांत म्हणायची, "आमच्या मॅडम जेवल्या न्हाईत अजून." असा मान मिळाला की माणसाला एक खोड लागते. कोणीही, काहीही विचारलं तरी 'मला माहीत नाही' हे वाक्य तोंडातून निघेनासं होतं.

माझी धाकटी बहीण उज्ज्वला, म्हणजे उजी. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. हे काही खूळ नव्हतं. आमच्या खोऱ्यात गाय अडली की डॉक्टर नसरापूरहून निघायच्या आत गाय आणि वासरू आपसांत काय ते ठरवून मोकळी होतात, आणि दर वेळी ते चांगलंच ठरवतात असं नाही. उजीनं लहानपणापासून ते गोठ्यात उभं राहून बघितलेलं. दहावीला तिला चांगले मार्क पडले, ती भोरला अकरावी सायन्सला गेली आणि वर्षाच्या शेवटी एकाच विषयात नापास झाली. विषय कोणता ते सांगायला नकोच. ज्या विषयाचे पेढे वाडीनं खाल्ले होते तोच.

आप्पांना ही गोष्ट पटेचना. "म्हशीला ताप आला तर फिजिक्स कशाला लागतंय?"

"नियम आहे, आप्पा."

"म्हशीचा का सरकारचा?"

"सरकारचा."

सरकारचं म्हटलं की आप्पा पुढं विचारत नाहीत. त्यांनी तंबाखू मळली, बार भरला आणि निकाल दिला. "ह्ये बघा. फेरपरीक्षेला पास झाली तर शिकू दे. न्हाई झाली तर सायन्स बंद, आर्ट्सला टाकायची. अर्धा दिस यष्टीत घालवून नापास व्हायचं, ते हितं जवळ ऱ्हाऊन बी हुता येतंय."

उजीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "मी आहे ना."

त्या दिवसापासून संध्याकाळी पडवीत शिकवणी सुरू झाली. पडवीत दार नाही, त्यामुळं वर्गात कोण बसेल यावर माझा ताबा नव्हता. आई सुपात तांदूळ घेऊन बसायची, आप्पा खांबाला टेकून, आणि आप्पांचे धाकटे भाऊ नाना टेम्पो लावून आले की थेट पुस्तकावर वाकायचे. मी पहिलं उदाहरण वाचलं.

"पन्नास किलोचं एक पोतं तीस अंशांच्या उतारावर ठेवलं आहे."

"कुणी ठेवलं?" उजीनं विचारलं.

"कोणी का ठेवेना."

"न्हाई, पण उतारावर कशाला ठेवलं?"

"कशाचं हाय पोतं?" सुपातून मान वर न काढता आई म्हणाली.

"कशाचंही."

"कशाचंबी कसं? तांदळाचं गोणपाट आसंल तर जागेवर ऱ्हाईल. खताची प्लास्टिकची गोण आसंल तर गेली खाली."

"कुणाच्या उतारावर ठेवलंय त्ये आधी बघा," आप्पा म्हणाले. "मागनं वाद नको."

मी पोतं सोडून दिलं आणि पुढच्या उदाहरणावर गेले. एक बस ताशी साठ किलोमीटर या स्थिर वेगानं जात आहे. एवढं वाचलं आणि नाना जे हसत सुटले ते त्यांना पाणी द्यावं लागलं. "वेल्ह्याची का?" डोळे पुसत ते विचारत होते. "वेल्ह्याची गाडी? थिर येगानं?"

मग आलं घर्षण. पुस्तकात प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी कंसात लिहिलेलं असतं, घर्षण नगण्य माना.

"नगण्य म्हंजी?" आईनं विचारलं.

"म्हणजे ते नाहीच असं समजायचं."

"हाय त्ये न्हाई समजायचं?" आईनं सूप खाली ठेवलं. "म्हंजी तुझ्या आप्पांसारखं. दामूभावजी रोज दारावरनं जात्यात, पर त्ये न्हाईतच आसं ह्यांचं समजणं हाय."

आप्पांनी जागेवरच तोंड फिरवलं.

इथं दामूअण्णांबद्दल सांगायला हवं. ते आप्पांचे चुलतभाऊ, वरच्या आळीचे. आम्ही खालच्या आळीचे. आडनाव एक, देव एक, विहीर एक. पण नानांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत छापखान्यात काहीतरी घोळ झाला आणि भावकीतले सगळ्यांत थोरले दामूअण्णा नानांच्या मेव्हण्याच्या खाली छापले गेले. तेव्हापासून दोन्ही आळ्यांचे पुरुष एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचंच झालं तर मध्ये कोणीतरी उभं करून त्याच्यातर्फे बोलतात. बायकांनी ही अबोल्याची पद्धत स्वीकारली नाही, कारण त्यांना कामं असतात. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, वाडी एकमेकांच्या खाचरात जाते तेव्हा माझी आई आणि दामूअण्णांच्या पत्नी पारूकाकी शेजारी शेजारी वाकून दोन्ही आळ्यांची उणीदुणी सारख्याच प्रेमानं काढत असतात.

तर उजी. उजीला सूत्रं सगळी पाठ होती. झोपेतून उठवलं तरी म्हणाली असती. पण आकृती काढायची वेळ आली की तिची पेन्सिल हवेत थांबायची. "ताई, ह्ये बाण कुठनं कुठं जात्यात त्येच दिसत न्हाई मला," ती म्हणायची. "एक बळ हिकडं, एक तिकडं, आन् वस्तू भलतीकडंच कशी जाती?" मी पुन्हा सांगायचे. ती पुन्हा मान डोलवायची. शिकवण्या घेणाऱ्याला डोलणाऱ्या माना ओळखू येतात. ही न समजलेली मान होती.

होता होता पेपरचा दिवस आला. नाना म्हणाले, यष्टीच्या भरवशावर नको, मी टेम्पोनं थेट भोरला सोडतो. नाना स्टेअरिंगवर, मी मध्ये, उजी खिडकीशी आणि मागं दुधाचे रिकामे कॅन. आवणीचे दिवस होते. रस्त्यावर खाचरांतून आलेला चिखल. वळणावर दामूअण्णांचं मोठं खाचर नुकतंच चिखलणी करून तयार झालेलं, आरशासारखं सपाट. कडेला बायका रोपांच्या बांधलेल्या मुठी सोडत होत्या. आई त्यांत होतीच.

मी उजीची शेवटची उजळणी घेत होते. "जडत्व म्हणजे काय?"

उजीनं एका दमात व्याख्या म्हणून दाखवली.

"समजलं का?"

"पाठ झालंय."

माझ्यातली मॅडम जागी झाली. "नाना, जरा ब्रेक दाबा."

"कशापाई?"

"उजीला जडत्व दाखवायचंय."

आता, नानांनी आदल्याच आठवड्यात ब्रेकचं सगळं काम नवं करून घेतलं होतं आणि घरात एकानंही त्याची चौकशी केली नव्हती. त्यांचा चेहरा उजळला. "दाबू?"

"दाबा."

नानांनी ब्रेक असा दाबला की कारागिराच्या हाताचं चीज व्हावं. चाकं जागच्या जागी थांबली. टेम्पो थांबला नाही. मागचे कॅन एकमेकांवर आपटत पुढं आले, आम्ही तिघं काचेकडं गेलो, आणि टेम्पो आडवा घसरत रस्ता सोडून निघाला. "बघितलंस?" मी म्हणाले. (हे मी खरंच म्हणाले. उजी साक्षीदार आहे.) "गतीमधली वस्तू गतीमध्येच राहते, जोपर्यंत तिच्यावर एखादं बाह्य बळ..."

बाह्य बळ आलं. ते दामूअण्णांच्या चिखलाचं होतं. टेम्पो बांध ओलांडून खाचराच्या मधोमध जाऊन चाकं बुडेपर्यंत रुतला. रोपांच्या मुठी हातात तशाच धरून बायका उभ्या राहिल्या.

"मॅडम आल्या," आई शेजारणीला म्हणाली.

उजीनं माझा दंड धरला. "ताई, माझा पेपर."

मी आजूबाजूला बघितलं. यष्टी पुढं निघून गेली होती. पोरं मोटरसायकली घेऊन सकाळीच कंपनीत कामाला गेलेली. चिखलणी करणारा ट्रॅक्टर पलीकडच्या वाडीचा, तो काम उरकून परत गेलेला. भोरला जायचं तर याच टेम्पोनं, आणि हा टेम्पो निघायचा तर माणसांनीच.

दामूअण्णा बांधावरून चालत आले. त्यांनी टेम्पोला एक फेरी मारली. नाना समोरच उभे होते, पण त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. म्हणून ते मला म्हणाले, "मॅडम, आवणीला माणसं बोलावली हुती. टेम्पो कुणी बोलावला?"

"काका, उजीचा आज पेपर आहे. नापास झाली तर तिचं शिक्षण बंद होणार."

दामूअण्णांनी उजीकडं बघितलं. ती कंपासपेटी छातीशी धरून रस्त्याकडं बघत होती. "दोर आणा रं," त्यांनी वरच्या आळीला हाक दिली.

तेवढ्यात बातमी घरी पोचून आप्पा खालच्या आळीची माणसं घेऊन आले होते. त्यांच्याही खांद्यावर दोर. आवणीच्या दिवसांत कोणी अडकलं तर जो येईल त्याला हात लावू द्यायचा, नको म्हणणं हा अपमान, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं कोणी कोणाला परत पाठवू शकत नव्हतं. प्रश्न दोराचा होता.

"त्यांला सांग," आप्पा मला म्हणाले, "टेम्पो आमचा हाय. आमच्या दोरानं निघंल."

"त्यांला सांगा, मॅडम," दामूअण्णा म्हणाले, "खाचर आमचं हाय. आमच्या दोरानं निघंल."

एकच दोर धरावा तर पुढं कोण उभं राहणार? पुढं उभा तो मानाचा. पुन्हा एक पत्रिका छापायची वेळ आली असती. शेवटी टेम्पोच्या पुढच्या बाजूला दोन दोर बांधायचे ठरले. समोर खाचराच्या टोकाला बैलगाडी उतरवायची वाट होती, तिकडून टेम्पो रस्त्यावर काढायचा. वरच्या आळीनं आपला दोर घेतला आणि ती वरच्या बांधावर जाऊन उभी राहिली. खालची आळी खालच्या बांधावर. एकमेकांपासून जितकं लांब उभं राहता येईल तितकं लांब.

"वडा रं!"

दोन्हीकडून जोर लागला. टेम्पो कुरकुरला आणि जागेवर राहिला. वरच्या आळीला वाटलं खालची आळी आपल्याला ओढतेय. खालच्या आळीला तेच वाटलं. दोघांनीही पाय रोवले. पुढची पाच मिनिटं आमच्या वाडीत रस्सीखेच चालू होती आणि टेम्पो हा मध्ये बांधलेला रुमाल होता.

आणि मला काय झालं असेल? आनंद झाला. हे मला येत होतं! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकातलं उदाहरण माझ्यासमोर घाम गाळत उभं होतं. "थांबा," मी दोन्ही हात वर केले. "कोन चुकलाय."

"कोण चुकलाय?" आप्पा सावरून उभे राहिले. चुकलंय कोण हे ऐकायला दोन्ही आळ्या कधीपासून थांबल्या होत्या.

"माणूस नाही, दोन दोरांमधला कोन. फार मोठा झालाय. तुमचं बळ तिकडं जातंय, त्यांचं इकडं, दोन्ही मिळून शून्य. कोन कमी केला की दोन्ही बळं मिळून टेम्पोला लागतील."

"म्हंजी करायचं काय?"

"दोन्ही आळ्यांनी जवळ यायचं."

दोन्ही आळ्यांनी आपापला दोर आणखी घट्ट धरला.

"किती जवळ?" दामूअण्णांनी मला विचारलं.

"जितकं जवळ तितकं चांगलं."

"त्यांला सांगा, आधी त्यांनी यावं."

"त्यांला सांग," आप्पा म्हणाले, "आमी आलो त्ये काय कमी हाय?"

मी तडजोड सुचवली. दोघांनीही सारखे अंश सरकायचं. अंश म्हणजे किती, हे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून मी हात पसरून दाखवले. वरची आळी चार बोटं सरकली. खालच्या आळीनं ते मोजलं आणि तीही चार बोटं सरकली. मी बांधावरच्या ओल्या मातीत काठीनं आकृती काढली, दोन दोर, मधून टेम्पोचा बाण, आणि बाण कुठं जाणार ते नीट दाखवता यावं म्हणून स्वतः खाचरात उतरून समोर जाऊन उभी राहिले. "इथं या," मी ओरडत होते. "दोघंही या दिशेनं."

"ताई, उशीर हुतोय," उजी म्हणाली. तिचा आवाज आता फाटला होता.

तो आवाज आईनं ऐकला. तिनं हातातली मूठ खाली ठेवली, पदर खोचला आणि पारूकाकींना म्हणाली, "चला वो. ह्यांच्या नादानं पोरगी हितंच बारावी हुईल." आईनं आमच्या दोराचं पुढचं टोक आप्पांच्या हातातून घेतलं, पारूकाकींनी वरच्या आळीचं टोक दामूअण्णांच्या हातातून घेतलं, आणि दोघी आवणीला उभ्या राहतात तशा शेजारी शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. लगेच बोलायलाही लागल्या. काय बोलत होत्या ते ऐकू आलं नाही, पण विषय नवऱ्यांचा असावा. दोराचं टोक गेलं तसे मागचे पुरुषही गेले, कारण दोर सोडला असता तर ते हार मानल्यासारखं झालं असतं. बघता बघता दोन बांधांवरच्या दोन आळ्या जवळ आल्या.

उजी बांधावरून बघत होती. दोर सरकत होते तशी तिची बोटं हवेत सरकत होती. एकदम तिचा चेहराच बदलला. "ताई," ती म्हणाली, "बाण दिसला."

"काय?"

"मला बाण दिसला. एक दोर ह्यो. दुसरा दोर त्यो. टेम्पो ह्याच्याबी मागं जाणार न्हाई आन् त्याच्याबी मागं जाणार न्हाई. त्यो मधनं जाणार, आसा सरळ." तिनं बोटानं टेम्पोपासून एक रेघ ओढली आणि ती रेघ थेट माझ्यापर्यंत आली. "आन् ताई, बाणाच्या टोकावर तू हायस."

इतक्या दिवसांच्या शिकवणीनंतर ती पहिल्यांदा समजून बोलली होती. माझे डोळे भरून आले. त्या भरात ती काय बोलली याकडं मात्र माझं लक्ष गेलं नाही.

"शाब्बास," मी म्हणाले, आणि तिथंच उभी राहिले.

"वडा!" आई म्हणाली.

अडकलेली वस्तू हलेपर्यंतच जास्त जोर लागतो, एकदा हलली की कमी पुरतो, हे मी नसरापूरला दर वर्षी शिकवते. फळ्यावर ते फार सावकाश घडतं. खाचरात चिखलानं एक मोठा आवाज केला, चाकं सुटली आणि नानांचा टेम्पो माझ्या आकृतीबरहुकूम, बोटभरही इकडंतिकडं न होता, माझ्यावर आला. मी बाजूला उडी मारली. उडी चांगली होती. जमीन नव्हती. मी आख्खीच्या आख्खी चिखलात गेले, आणि पुढचं सगळं मला फक्त ऐकू आलं.

मला उशिरा कळलेली गोष्ट अशी की ओढणाऱ्यांचा भार अचानक हलका झाला की ओढणारे मागं पडतात. दोन्ही आळ्या पडल्या. शेजारी उभ्या असल्यामुळं एकमेकींवर पडल्या. मी डोळ्यांतला चिखल काढून बघितलं तेव्हा आप्पा दामूअण्णांच्या मांडीवर बसलेले होते. दोघंही समोर बघत होते. मध्ये उभं करायला कोणी नव्हतं.

"उठा आता," दामूअण्णा थेट म्हणाले.

"उठतो की," आप्पा म्हणाले. "माझा पाय तर सोडा आधी."

दोन्ही आळ्यांनी उठून पुन्हा दोर धरले आणि टेम्पो बैलगाडीच्या वाटेनं रस्त्यावर काढला. नानांनी चावी फिरवली आणि त्यांच्या नव्या ब्रेकच्या टेम्पोचं जुनं इंजिन सुरू झालं. उजी उडी मारून आत बसली. "ताई, चल."

मी निघाले. दामूअण्णांनी हात आडवा केला. "मॅडम कुठं निघाल्या? ही चिखलणी कोण सारखी करणार?"

बरोबर होतं. ज्यानं चिखलणी मोडली त्यानंच ती सारखी करून रोपं लावून द्यायची, हीसुद्धा रीतच. मी नानांकडं बघितलं. "तुमी ऱ्हावाच," नाना घाईघाईनं म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला. टेम्पो भोरच्या दिशेनं गेला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच स्थिर वेगानं जाताना दिसला.

तो दिवस मी दामूअण्णांच्या खाचरात वाकून काढला. माझ्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला पारूकाकी. "मॅडम, एक रोप खोचायला किती जोर लागतो वो?" असले प्रश्न अधूनमधून येत होते. माझं लक्ष नव्हतं. उजी पोचली असेल का, पेपर हातात पडला असेल का, बाण परत हरवला असेल तर? तिचं सगळं आयुष्य त्या तीन तासांवर टेकलेलं, आणि ते मी कशासाठी पणाला लावलं, तर एक व्याख्या दाखवायला.

आईनं माझ्याकडं न बघता पुढची मूठ सोडली. "काळजी नको करू," ती म्हणाली. "तू बरुबर न्हाईस म्हणल्यावर येळेत पोचली आसंल."

पोचली होती. संध्याकाळी नाना तिला घेऊन आले तेव्हा पडवी भरलेली. दामूअण्णाही आले होते. "आमच्या खाचरातनं गेली, म्हणून इचारायला आलो," असं सगळ्यांना सांगून ते सगळ्यांत लांबच्या खांबाला टेकले होते.

"दोन बळांचा मोठा प्रश्न होता," उजी म्हणाली.

"बाण काढलेस?" मी विचारलं.

"काढले. पण ह्याला एक नंबर का त्याला एक नंबर, आसा घोळ व्हाया लागला. म्हणून मी एका दोराला व्ही.ए. लिहिलं आन् एकाला के.ए."

"म्हणजे?"

"वरची आळी. खालची आळी."

दामूअण्णा खांबापासून पुढं झाले. "कुणाचं नाव वर लिवलंस?"

आप्पाही पुढं झाले.

"दोन्ही एका रांगेत हाय, काका," उजी म्हणाली. दोघंही परत टेकले.

निकाल लागला. उजी पास झाली. मार्क फार नव्हते, पण पुरेसे होते. तिनं पेपर बघून घेतला. व्ही.ए. आणि के.ए. भोवती सरांनी लाल गोल काढून प्रश्नचिन्ह केलं होतं आणि मार्क मात्र पूर्ण दिले होते. आप्पांनी पेढे आणले. पहिला पेढा त्यांनी स्वतः वरच्या आळीला नेऊन दिला, मध्ये कोणाला न घालता. परत येऊन मला विचारलं, "बारावीला बी असतंय का ह्ये फिजिक्स?"

"असतं, आप्पा."

"मग एक खाचर मोकळं ठिवावं लागंल," ते म्हणाले आणि काळजीत पडले.

मला मात्र वाटलं, आता आपलं नाव झालं. खोऱ्यातली पोरं शिकवणीला येणार. मी पडवी झाडून घेतली, खडू आणून ठेवले. दोनच दिवसांत पारूकाकी त्यांच्या पुतणीला घेऊन आल्या. तिचीही फेरपरीक्षा होती, सायन्सचीच. मी उठून चटई टाकली.

"बसा की, काकी."

"बसत न्हाई, मॅडम, तुमाला तरास देत न्हाई," पारूकाकी म्हणाल्या. "नाना हायत का घरात? पोरीला पेपराला जाताना तेवढं टेम्पोतनं न्यायला सांगायचं हुतं."

"आणि शिकवायला?"

पारूकाकींनी माझ्याकडं फार मायेनं बघितलं. "तुमी उद्या आमच्या वरच्या खाचरात आवणीला या," त्या म्हणाल्या. "हात लई चांगला बसलाय तुमचा."

मी गेले. बी.एस्सी. झाल्यापासून वाडीत मला माझ्या कामावर खूश होऊन कोणी बोलावलं, ते पहिल्यांदाच.